दोन फुटांवर

उत्तर कॅलिफोर्निया
९ मार्च १९८६

डॅडी,

जमलं एकदाचं! काल मी यू-टू हे टेहळणी विमान एकट्यानं वर नेलं आणि सगळे भाग जिथल्या तिथे ठेवून खाली आणलं. फोनच करणार होतो, पण तुमच्या कानांशी कोण भांडणार? मी ओरडणार, तुम्ही "काय? काय?" करणार आणि तुमच्या आधी शेजारच्या टिलमनबाईंना सगळं कळणार. म्हणून पत्र.

विमान कसलं, पंख फुटलेली शिडी आहे. पंख इतके लांब की जमिनीवर असताना टोकांखाली चाकाच्या काठ्या लावाव्या लागतात. जमीन सुटली की त्या गळून पडतात. परत येताना तुमच्यापाशी उरतात सायकलसारखी एकामागे एक दोन चाकं. वर सत्तर हजार फुटांवर भर दुपारी आकाश काळं दिसतं. हवा अशी विरळ की जरा हळू झालात तर पंख हवा सोडतात आणि विमान दगडासारखं खाली येतं. जरा जोरात गेलात तर ते थरथरायला लागतं आणि तुटायला बघतं. वेगाच्या काट्याला या दोन्हींच्या मधे नखाएवढी जागा असते. त्या नखाएवढ्या जागेत आम्ही दिवस काढतो.

खरी परीक्षा मात्र उतरताना. ते उतरायला तयारच नसतं, तरंगत राहतं. अंगात तो फुगलेला पोशाख, डोक्यावर हेल्मेट, खालची जमीन दिसत नाही. म्हणून आमच्यातलाच एक वैमानिक धावपट्टीवर मागून सुसाट गाडी हाणत येतो आणि रेडिओवर माझी उंची सांगतो. माझ्यामागे कॉर्बेट असतो. "दहा. आठ. पाच. तीन. दोन." दोन फुटांवर विमान धरून ठेवायचं, अगदी खांदे भरून येईपर्यंत. तो म्हणत राहतो, "दोन... दोन... दोन..." मग पंख हवा सोडतात, कॉर्बेट म्हणतो, "एक," आणि तुम्ही जमिनीवर! त्याच्या त्या 'एक'सारखा गोड शब्द मी आयुष्यात ऐकलेला नाही. जोलीनला सांगू नका, माझ्या बायकोचा समज वेगळा आहे.

तुमचा,
हॉलिस

*

हेझेल ग्रोव्ह, आर्कान्सा
२१ मार्च १९८६

पोरा,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा टिलमनबाईला वाचून दाखवलं, कारण ती कुंपणावरून मान लांब करून उभीच होती. आता गावात तू चंद्रावर जाऊन आलास अशी बातमी आहे. मी ती खोडून काढलेली नाही.

पण एक सांग, लाज नाही वाटत? जमीन कुठे आहे हे सांगायला तुला माणूस लागतो? तुझा बाप चाळीस वर्षं विमानातून भातावर फवारणी करतोय, पिकापासून दहा फुटांवर, विजेच्या तारांखालून. जमीन कुठे आहे ते मला माझं बूड सांगतं. बांधावर झेंडा धरून तू उभा राहायचास तो कुठली पट्टी झाली आणि कुठली राहिली ते दाखवायला. माझी उंची मोजायला नव्हे! अर्थात तुझा झेंडा दिसला की बरं वाटायचं, हे कबूल.

परवा उडण्याच्या परवान्याची तपासणी झाली. हा नवा डॉक्टर माझ्या पाठीमागे उभा राहून कुजबुजतो आणि काय म्हणालो ते सांगा म्हणतो. त्याला वाटतं मी ऐकतोय. मी समोरच्या कपाटाच्या काचेत त्याचे ओठ वाचतो. पास झालो. लक्षात ठेव, उडणाऱ्या माणसाला द्यायला डॉक्टरकडे दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे काहीच नाही आणि दुसरी म्हणजे घरी बसायचा हुकूम. त्यासाठी आपण कशाला तोंड उघडायचं? तुझ्या आईला हे माझं बोलणं आवडायचं नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण अजून हे लिहिताना मागे वळून बघतो.

छाती फुगलीय माझी, हॉलिस. एवढं लिहितो आणि थांबतो, नाहीतर उगाच काहीतरी लिहून बसेन.

डॅडी

*

परदेशातून (कुठून ते विचारू नका)
१६ नोव्हेंबर १९८६

डॅडी,

तिकडे बदकं उतरली असतील. भाताच्या रिकाम्या खाचरांत पाणी सोडलं का? इथे नुसती वाळू आहे. जेवण वर असताना नळीतून. हेल्मेटच्या भोकातून नळी आत घालायची आणि टूथपेस्टसारखी पिळायची. पीचची नळी बरी लागते.

उड्डाणं लांबली आहेत. नऊ तास, कधी जास्त. निघण्याआधी तासभर आरामखुर्चीत बसून निव्वळ ऑक्सिजन ओढायचा, म्हणजे रक्तातला नायट्रोजन निघून जातो. नाहीतर वर गेल्यावर, सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर येतात ना, तसे अंगात बुडबुडे येतात.

त्यावरूनच एक विचारायचं होतं. इथे माझा एक दोस्त आहे. नाव सांगत नाही. त्याला हल्ली वर गेल्यावर कोपर आणि गुडघे ठणकतात. ते तर बऱ्याच जणांचे ठणकतात, कुणी बोलत नाही. पण परवा उतरल्यावर त्याचं डोकं जड झालं आणि आपली गाडी कुठल्या रंगाची तेच त्याला आठवेना. वाहनतळावर नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बरा होता. नियम असा की असं काही झालं की वर असाल तर खाली या आणि डॉक्टरला सांगा. पण सांगितलं की त्याचं उडणं संपलं. या विमानापर्यंत पोचायला त्यानं काय काय केलंय ते मला ठाऊक आहे. त्याच्या घरच्यांना किती अभिमान आहे, तेही.

तुम्ही त्याला काय सांगाल?

हॉलिस

*

हेझेल ग्रोव्ह
२ डिसेंबर १९८६

पोरा,

पाणी सोडलं, बदकं आली, आणि टिलमनबाईच्या कुत्र्यानं मी पाडलेलं बदक पळवून तिच्याच दारात नेऊन ठेवलं. तिनं ते शिजवलं आणि मलाच जेवायला बोलावलं. आता यावर माणसानं काय बोलावं?

तुझ्या दोस्ताचं म्हणशील तर मी त्याला ओळखलंय. कॉर्बेट ना? तुझ्या पत्रात दुसऱ्या कुणाचं नाव कधी आलेलं नाही. त्याला म्हणावं, ऑर्व्हल मॅबरीचा निरोप आहे: भरपूर पाणी पी, झोप काढ, आणि ओठ शिवून ठेव. गाडीचा रंग काय घेऊन बसलास? बासष्ट साली त्या जहाल औषधाची फवारणी करून उतरलो की मला तुझ्या आईचं नाव आठवायचं नाही. मी तिला दिवसभर "अगं" म्हणून भागवायचो. तिला काय त्याचं, नवरा लाडात आलाय असं वाटायचं. गेलं ते आपोआप. डॉक्टरला सांगितलं असतं तर तू आज दुकानात चपला विकणाऱ्या माणसाचा मुलगा असतास.

दुखणं वर ठेवून यायचं असतं. गडी असेल तर एवढं त्याला कळेल.

डॅडी

*

परदेशातून
८ फेब्रुवारी १९८७

डॅडी,

तुमचा निरोप कॉर्बेटला दिला. हसला आणि म्हणाला, म्हातारा बरोबर बोलतोय. आता तो बरा आहे. ओठ शिवले आहेत.

तिकडे बदकं उतरली असतील. खाचरांत पाणी सोडलं का? इथे नुसती वाळू आहे. जेवण वर असताना नळीतून. पीचची नळी बरी लागते, पण घरच्या मुरंब्याची सर नाही. मम्माला म्हणावं, दोन बाटल्या पाठव. तिला म्हणावं, झाकणं घट्ट लाव, मागच्या वेळी सांडला होता.

खूप लिहायचं होतं. पुढच्या वेळी लिहीन. बदकं उतरली असतील ना?

हॉलिस

*

हेझेल ग्रोव्ह
२० फेब्रुवारी १९८७

कॅप्टन कॉर्बेट यांस,

तुमची माझी भेट नाही. मी हॉलिसचा बाप. ही चिठ्ठी त्याला दाखवू नका.

तुमच्या दुखण्याबद्दल हॉलिसनं मला लिहिलं होतं, आणि मी मोठ्या शहाण्यासारखा सल्लाही दिला. तुम्ही आता बरे आहात असं तो म्हणतो. बाबा रे, तू खरंच बरा आहेस का? तुझे गुडघे दुखत होते का? तुझ्या गाडीचा रंग तू विसरला होतास का? मला फक्त हो म्हण. तू हो म्हणालास तर मी आयुष्यभर तुझा ऋणी राहीन, एवढंच सांगतो.

त्याचं पत्र आलंय. त्यानं त्याच्या आईकडे मुरंबा मागितलाय. तिच्या शवपेटीला खांदा दिला होता त्यानं.

ऑर्व्हल मॅबरी

*

कॅलिफोर्निया
१४ मार्च १९८७

मिस्टर मॅबरी, सर,

तुमचं पत्र माझ्यामागे तळातळांवर फिरत होतं. माझ्या हातात पडलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मला काही दुखत नाही, सर. कधीच दुखत नव्हतं. माझी गाडी हिरवी आहे आणि मी ती कधी विसरलो नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो वर गेला आणि परतीच्या वाटेवर रेडिओवर भलतंच बोलायला लागला. हेल्मेटात ओकला होता. उजवीकडे वळ म्हटलं की डावीकडे वळायचा. आपलं नाव त्याला सांगता येईना. आम्ही आळीपाळीनं बोलत त्याला तळापर्यंत आणलं. मग मी गाडी घेऊन मागे लागलो. पाच, तीन, दोन. दोनवर त्यानं विमान धरलं, आणि कसं धरलं होतं, सर! डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचे हात तसे चालतात हे मी याआधी पाहिलं नव्हतं. मी "दोन, दोन" म्हणत राहिलो. तो सोडेचना. धावपट्टी संपत आली तसं विमान स्वतःहून पडलं, एक पंख घासत गेला आणि ते फिरून थांबलं. मला 'एक' म्हणायला वेळच मिळाला नाही.

तो जिवंत आहे. हातापायाला धक्का नाही. मेंदूत मात्र डाग आहेत, पांढरे, बरेच. रक्तातले बुडबुडे विरघळावेत म्हणून हवेचा दाब वाढवलेल्या खोलीत ठेवून त्याच्यावर उपचार केले. पहिल्यांदा झालं तेव्हाच हे केलं असतं तर बहुतेक पूर्ण बरा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मला शंका आली होती, सर. जानेवारीत मी त्याला विचारलंही होतं. तो हसून म्हणाला, "डॉक्टरकडे द्यायला दोनच गोष्टी असतात. माझे डॅडी चाळीस वर्षं उडतायत, त्यांना जास्त कळतं." आम्ही सगळेच असं बोलतो, म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

तुमचा,
रसेल कॉर्बेट

*

कॅलिफोर्निया
३० मे १९८७

डॅडी मॅबरी,

तुम्ही बसनं सुखरूप पोचलात हे मिसेस टिलमनकडून कळलं. हे पत्र लिहायला मी आठवडा लावला. कसं लिहू ते सुचत नव्हतं.

तुम्ही इथे होतात त्या चार दिवसांत तो किती छान होता ते तुम्ही पाहिलंत. दाढी केली, तुमच्याशी हात मिळवला, "मी ठणठणीत आहे, डॅडी" म्हणाला, जेवताना विनोद केला. तुम्ही अंगणात जाऊन रडलात ते मी पाहिलं. तुम्हाला वाटलं तो सुधारतोय. मलाही वाटलं. तुमची बस सुटली आणि तो दारातच कोसळला. तीन दिवस त्याला धड बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणतात, तुम्ही समोर असलात की तो सगळं बळ दुखणं लपवण्यात घालवतो. झोपत नाही, गोळ्या जिभेखाली ठेवून थुंकतो, डोकं फुटत असलं तरी हसतो. ते म्हणाले, सध्या वडिलांनी न आलेलं बरं. माफ करा.

रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसतो आणि दोन्ही हात पुढे धरतो, विमानाचं सुकाणू पकडल्यासारखे. दंड थरथरतात तरी सोडत नाही. चमचा हातात घेत नाही, म्हणतो, अजून उतरलो नाही. मी सांगून पाहिलं, कॉर्बेटनं येऊन सांगून पाहिलं. त्याला पटत नाही. रात्री थकून हात पडतात तेव्हा कुठे मी त्याला झोपवते.

काल त्यानं कागद मागितला. तुम्हाला लिहिलंय. जसं आहे तसं पाठवते.

जोलीन

*

डॅडी

मी ठणठणीत आहे. डॉक्टरला काही सांगितलेलं नाही.

कॉर्बेट दोन म्हणाला. मग गप्प झाला. मी धरून ठेवलंय. तुम्ही म्हणाल लाज नाही वाटत, जमीन सांगायला माणूस लागतो. मला खाली दिसत नाही डॅडी. झेंडा कुणी धरला नाही. हात भरून आलेत. सोडलं आणि अजून उंच असलो तर.

तुम्हाला बुडाखाली कळतं. तुम्ही सांगा.

हॉलिस

*

हेझेल ग्रोव्ह
९ जून १९८७

जोलीन,

खालचा मजकूर त्याला संध्याकाळी तो हात पुढे धरून बसेल तेव्हा वाचून दाखव. सावकाश वाच. टिंबं दिलीत तिथे श्वास घे. माझा आवाज काढू नकोस, तुझाच असू दे. पण मी लिहिलंय हे आधी सांग.

---

हॉलिस,

मी तुझा डॅडी. आधी माझं ऐक, मग उंची सांगतो.

गेल्या सोमवारी मी डॉक्टरकडे गेलो आणि तोंड उघडलं. त्याला म्हणालो, मला तुझं कुजबुजणं ऐकू येत नाही, कधीच आलं नाही, मी काचेत बघून तुला फसवलं. डाव्या हाताला मुंग्या येतात, तेही सांगितलं. बासष्टचंही सांगितलं. दोन गोष्टींपैकी त्यानं मला दुसरी दिली. परवाना टेबलावर ठेवून चालत घरी आलो. पिवळं विमान छपराखाली आहे, चाकांना ठोकळे लावलेत. मी जमिनीवर आहे, पोरा. इथे काही वाईट नाही. तू चपला विकणाऱ्या माणसाचा मुलगा असतास तरी मला चाललं असतं. तुझ्या आईला तर फारच आवडलं असतं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगून काय उपयोग, ते मला माहीत नाही.

दुखतंय तर दुखतंय म्हण. जोलीनला सांग, डॉक्टरला सांग, रस्त्यावरच्या माणसाला सांग. ज्यानं तुला ओठ शिवायला सांगितलं तो महामूर्ख होता. मी त्याला चांगला ओळखतो.

आता बघ. मी बांधावर उभा आहे, झेंडा माझ्या हातात आहे. तू मला दिसतोयस. पंख सरळ आहेत. सुरेख येतोयस.

पाच...

तीन...

दोन. धर. असंच धर...

दोन...

दोन...

एक.

उतरलास, हॉलिस. खाली जमीन आहे. आता हात सोड.

*

कॅलिफोर्निया
२८ ऑगस्ट १९८७

डॅडी मॅबरी,

पहिल्या संध्याकाळी वाचलं तेव्हा 'एक'ला त्यानं हात सोडले. मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मग सूप प्यायला आणि म्हणाला, "डोकं दुखतंय गं." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला वाटलं, सुटलो आपण.

दुसऱ्या संध्याकाळी हात पुन्हा पुढे होते. आदल्या दिवसाचं त्याला काही आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणतात, हे आता असंच राहील.

म्हणून मी रोज वाचते. तो रोज पहिल्यांदाच ऐकतो आणि रोज उतरतो. मला पाठ झालंय, पण कागद हातात नसला तर त्याला तुमचं पत्र आहे हे पटत नाही.

तो कागद आता घडीवर फाटलाय. 'दोन'च्या ओळी दिसत नाहीत. नवीन लिहून पाठवा. जरा जाड कागदावर लिहा, आणि तीन-चार प्रती करा.

जोलीन